न लिहिलेल्या कराराची थकबाकी

नोकरीवर रुजू होणारा माणूस नेमणूकपत्रावर सही करतो, तेव्हा त्या कागदाबरोबर आणखी एक करार अस्तित्वात येतो. त्याचा मसुदा कोणी केलेला नसतो, त्याच्या अटी दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने समजून घेतात आणि तो मोडला म्हणून कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही. पगार, कामाचे तास, रजा आणि नोटीस पिरियड यांचा हिशेब नेमणूकपत्रात असतो. पण मन लावून काम केले, अडीअडचणीला रात्री-बेरात्री हजर राहिले, मधल्या काळात चालून आलेली दुसरी नोकरी नाकारली, तर संस्था आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, हा विश्वास या दुसऱ्या करारातला असतो. अमेरिकी संशोधक क्रिस आर्गिरिस यांनी १९६० मध्ये कारखान्यांतील फोरमन आणि कामगार यांच्या परस्परसंबंधांचा विचार करताना या अलिखित समजुतीची कल्पना मांडली, तिला मानसिक करार म्हटले जाऊ लागले, आणि डेनिस रूसो यांनी १९८९ पासून तिला आजचे काटेकोर रूप दिले. रूसो यांच्या मांडणीतील महत्त्वाचा भाग असा की, हा करार कर्मचाऱ्याच्या मनात असतो आणि समोरच्या पक्षाने तो तसाच मानला आहे की नाही यावर त्याचे अस्तित्व अवलंबून नसते. सँड्रा रॉबिन्सन आणि रूसो यांनी व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांचा अभ्यास करून १९९४ मध्ये दाखवून दिले की, नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतच त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना आपल्या मालकाने दिलेला शब्द पाळला नाही असे वाटत होते; म्हणजे करारभंग हा अपवाद नसून जवळजवळ रिवाज होता.

भारतातील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात हा दुसरा करार बराच काळ मजबूत समजला जात असे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यांतले बहुतेक मधल्या व वरच्या श्रेणीतले असतील असेही सांगितले, तेव्हा पुण्याच्या हिंजवडीपासून नवी मुंबईच्या ऐरोलीपर्यंत जी अस्वस्थता पसरली, तिचे कारण आकड्यात नव्हते. अमेरिकी कंपन्यांनी त्याआधीच्या तीन वर्षांत याहून मोठ्या कपाती केल्या होत्या. पंधरा-वीस वर्षे एकाच ठिकाणी काढलेला, गृहकर्जाचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे त्या पगाराच्या भरवशावर आखलेला माणूसच यादीत सर्वांत आधी येऊ शकतो, ही जाणीव नवी होती. आधीच्याच महिन्यात त्या कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याचे वर्षातले किमान २२५ दिवस बिलेबल, म्हणजे ज्यांचे पैसे ग्राहकाकडून वसूल करता येतील असे, असले पाहिजेत आणि बेंचवरचा, म्हणजे प्रकल्पाविना बसून राहण्याचा, काळ मर्यादित राहिला पाहिजे असे धोरण आणले होते. निष्ठा वर्षांत मोजली जाते आणि उपयुक्तता दिवसांत, हे त्या दोन घोषणांनी एकापाठोपाठ स्पष्ट केले.

मात्र निष्ठेच्या बदल्यात कायमची नोकरी हा व्यवहार फार जुना आहे, असा जो समज असतो तो इतिहासाला धरून नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामगारांचा मोठा हिस्सा बदली म्हणून ओळखला जाई. हा माणूस पाळी सुरू होण्याच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा, आत कोणी गैरहजर असेल आणि जॉबरची, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाची, मर्जी असेल तर त्याला त्या दिवसाचे काम मिळायचे, नाहीतर तो परत जायचा. आज काम आहे, उद्याचे माहीत नाही, ही स्थिती त्याच्या आयुष्याचा कायमचा भाग होती, आणि तरीही गिरणगाव काम करीत राहिले, कारण त्या कामगाराचा आधार गिरणी हा नव्हताच. चाळीतला गावकऱ्यांचा गाळा, उधारीवर जेवू घालणारी खाणावळ आणि कोकणातली किंवा घाटावरची तुटपुंजी शेती, या तिन्हींच्या टेकूवर तो उभा असे आणि गिरणी ही त्यातली फक्त रोख पैशाची बाजू होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हाही बदली कामगारांना कायम करणे ही मागणी त्यात होती. संप वर्षभराहून अधिक काळ रेंगाळला, कधीही औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही आणि असंख्य कामगारांना पुन्हा गिरणीत पाऊल टाकता आले नाही. तरीही त्यांतले बरेच जण इतके दिवस टिकू शकले, ते गावाकडच्या त्या तुटपुंज्या शेतीमुळे. हिंजवडीतल्या अभियंत्याचा पगार बदली कामगाराच्या तुलनेत कितीतरी मोठा असला, तरी त्याचे टेकू संख्येने कमी आहेत: घर कर्जावर, आरोग्यविमा कंपनीचा, मित्रमंडळ कंपनीचे आणि ओळखही कंपनीच्या नावाने. नोकरी जाण्याच्या भीतीचा आकार पगारावरून ठरत नाही, नोकरीवर आणखी काय काय टांगलेले आहे यावरून ठरतो.

कायम नोकरीची कल्पना खऱ्या अर्थाने रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन-चार दशकांत. जपानच्या मोठ्या कंपन्यांनी शिक्षण संपताच घेतलेल्या तरुणाला निवृत्तीपर्यंत सांभाळण्याची रीत पाडली, आणि अमेरिकेत आयबीएमने तर जागतिक महामंदीतही माणसे न काढल्याचा अभिमान मिरवला. दोन्हींचा शेवट बोधप्रद आहे. आयबीएमने १९९३ मध्ये तोट्यात बुडाल्यावर हजारो माणसे कमी केली आणि अर्धशतकाहून अधिक काळ जपलेला शब्द एका वर्षात संपला. जपानमध्ये शब्द उघडपणे मोडण्याची सोय नव्हती, म्हणून काही कंपन्यांनी नको असलेल्या कर्मचाऱ्यांना निरर्थक काम देऊन किंवा काहीच काम न देता एका वेगळ्या विभागात बसवून ठेवण्याची युक्ती काढली, म्हणजे ते कंटाळून स्वतःच राजीनामा देतील. २०१२-१३ च्या सुमारास तिथल्या वृत्तपत्रांनी या ‘हाकलून लावण्याच्या खोल्यां’ची प्रकरणे बाहेर काढली. शब्द टिकला, पण त्यातला अर्थ गेला. सरळ कपात आणि असा टिकवलेला शब्द यांत माणसाच्या मनाला अधिक पोखरणारे काय, याचे उत्तर अवघड नाही.

कपातीची टांगती तलवार मनावर नेमका काय परिणाम करते, याचा अभ्यास १९८४ मध्ये लिओनार्ड ग्रीनहाल आणि झेहावा रोझेनब्लॅट यांच्या एका लेखानंतर शिस्तीत सुरू झाला. त्यांनी नोकरीतील असुरक्षिततेची व्याख्या करताना दोन घटक एकत्र आणले: धोका किती गंभीर वाटतो, आणि त्याबाबत आपण काही करू शकत नाही ही असहायता किती वाटते. दुसरा घटक महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे एकाच कार्यालयात, एकाच अफवेखाली बसलेली दोन माणसे अगदी वेगळ्या मनःस्थितीत का असतात हे समजते. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात योगायोगाने एक अशी संधी आली, जी प्रयोगशाळेत निर्माण करता आली नसती. अभ्यासाखालील खात्यांपैकी एकाचे, सरकारी इमारतींची देखभाल करणाऱ्या यंत्रणेचे, खासगीकरण होणार असे ठरले. प्रत्यक्षात काहीही बदललेले नसताना, केवळ बदल येणार या अपेक्षेच्या काळातच तिथल्या पुरुषांची प्रकृती इतर खात्यांतील सहकाऱ्यांच्या तुलनेत खालावल्याचे जेन फेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नोंदवले. अमेरिकेतील पुढच्या काही अभ्यासांतही असे आढळले की, नोकरी जाईल की काय या दीर्घकाळ चाललेल्या भीतीचा आरोग्याशी असलेला संबंध प्रत्यक्ष नोकरी गेल्याच्या संबंधापेक्षा अधिक ठळक असू शकतो. नोकरी गेलेल्या माणसाला निदान काय करायचे ते ठरवावे लागते. वाट पाहणाऱ्याला ठरवण्यासारखे काही हाती नसते.

या काळात माणसे काम कमी करतात असा व्यवस्थापकांचा समज असतो, पण वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. जोएल ब्रॉकनर आणि सहकाऱ्यांनी कपातीतून वाचलेल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा असुरक्षितता आणि कष्ट यांचा आलेख उलट्या कमानीसारखा निघाला: ज्यांना आपण सुरक्षित आहोत असे वाटत होते आणि ज्यांना आपले जाणे ठरलेलेच आहे असे वाटत होते, ते दोघेही फारसा जोर लावत नव्हते; मध्ये लटकलेले मात्र अधिक कष्ट करीत होते. हा निष्कर्ष वाचून एखाद्या चलाख व्यवस्थापकाला सर्वांना कायम लटकतच ठेवावे असे वाटू शकेल, आणि काही कंपन्या तसे करतातही. टाहिरा प्रोब्स्ट यांच्या २००२ च्या प्रयोगाने त्या चलाखीची किंमत दाखवली: कपातीची भीती घातलेल्या विद्यार्थ्यांनी कामाचा उरक वाढवला, पण त्यांच्या कामाचा दर्जा घसरला आणि सुरक्षेचे नियम मोडण्याचे प्रमाण वाढले. भीतीने वाढतो तो दिसणारा कामाचा ढीग, आणि सॉफ्टवेअरसारख्या क्षेत्रात, जिथे घाईत केलेली चूक सहा महिन्यांनी ग्राहकाच्या यंत्रणेत उगवते, तिथे या ढिगाचा हिशेब उशिरा होतो. रात्री अकराला ईमेल पाठवणे, प्रत्येक बैठकीत हजेरी लावणे, रजा न घेणे ही या लटकलेल्या अवस्थेची ओळखीची लक्षणे आहेत. त्यांना प्रेरणा म्हणणे म्हणजे तापाला ऊब म्हणण्यासारखे आहे.

मग अशा काळात काहींचे मन खरोखर टिकते ते कशाने, हा प्रश्न शिकागो विद्यापीठाचे साल्व्हातोर मॅडी यांच्यापुढे जवळजवळ अपघातानेच आला. अमेरिकेत एटी अँड टी या दूरध्वनी मक्तेदारीचे विभाजन करण्याचा समझोता १९८२ मध्ये झाला, तेव्हा तिच्या इलिनॉय बेल या उपकंपनीतील काही शे व्यवस्थापकांची दरवर्षी चाचणी घेण्याचा त्यांचा प्रकल्प आधीपासून सुरू होता. कंपनीतील माणसांची संख्या थोड्याच काळात जवळपास निम्म्यावर आली. ‘माँ बेल’ अशा कौटुंबिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेतील माणसांना, ज्यांनी आयुष्यभराची नोकरी गृहीत धरली होती, हा धक्का किती मोठा होता याची कल्पना मुंबईकरांना सहज करता येईल, कारण २०२० च्या आरंभी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बीएसएनएलमधून सुमारे ७८,००० आणि एमटीएनएलमधून १४,००० हून अधिक कर्मचारी एका झटक्यात बाहेर पडले. इलिनॉय बेलमधील व्यवस्थापकांपैकी सुमारे दोन तृतीयांशांचे काम आणि प्रकृती ढासळली. उरलेला एक तृतीयांश भाग मात्र टिकून राहिला, काही तर पूर्वीपेक्षा उत्साहाने काम करू लागले. मॅडी आणि त्यांच्या विद्यार्थिनी सुझान कोबासा यांनी या टिकाऊपणाला कणखरपणा म्हटले आणि त्याचे तीन पदर सांगितले: परिस्थितीपासून अंग काढून न घेता तिच्यात गुंतून राहणे, जे आपल्या हातात आहे त्यावर पकड ठेवण्याचा प्रयत्न सोडून न देणे, आणि बदलाकडे संकटाबरोबरच शिकण्याची संधी म्हणूनही पाहणे.

या अभ्यासाचा वापर प्रेरणादायी भाषणांत ज्या रीतीने होतो ती रीत मात्र सावधपणे पाहिली पाहिजे. कणखरपणाचे प्रशिक्षण देणारी संस्था पुढे मॅडी यांनीच चालवली, त्यामुळे या कहाणीत ती संकल्पना जरा अधिकच उजळून दिसते. शिवाय एक तृतीयांश लोक टिकले याचा अर्थ उरलेले दोन तृतीयांश दुबळे होते असा काढणे सोपे आणि अन्यायाचे आहे. कोणाच्या घरात दुसरा पगार होता, कोणाच्या डोक्यावर आजारपण होते, कोणाला वरिष्ठांनी खरी माहिती आधी दिली, यांचाही वाटा त्यात असणारच. तरीही दुसरा पदर, म्हणजे आपल्या हातातले काय ते वेगळे काढणे, ग्रीनहाल आणि रोझेनब्लॅट यांच्या असहायतेच्या घटकाशी नेमका जुळतो, आणि या विषयावरील बहुतेक उपयुक्त सल्ला त्याच एका ठिकाणी येऊन मिळतो. पुढच्या तिमाहीत कंपनी किती जणांना काढील हे हातात नाही. गेल्या तीन वर्षांतले स्वतःचे काम कागदावर मांडणे, बाजारात त्या कौशल्याला काय भाव आहे हे दोन मुलाखती देऊन पाहणे, सहा महिन्यांच्या घरखर्चाची तजवीज करणे आणि गृहकर्जाचा हप्ता एका पगारावर भागतो का याचा हिशेब करणे हातात आहे. यातली एकही गोष्ट कामाच्या प्रेरणेबद्दलची नाही असे वरवर वाटते, पण मन कामावर न लागण्याचे कारण बहुधा कामात नसतेच.

निष्ठेचे फळ मिळाले नाही या वेदनेबद्दल अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचा १९७० चा ग्रंथ अधिक नेमके काही सांगतो. नायजेरियाची रेल्वे मालवाहू ट्रकांशी स्पर्धा असूनही इतकी वाईट का चालते, या प्रश्नापासून तो सुरू होतो, आणि उत्तर असे येते की तक्रार करण्याची ताकद असलेले ग्राहकच सर्वांत आधी ट्रककडे निघून गेले, त्यामुळे रेल्वेला सुधारण्यास भाग पाडणारे कोणी उरले नाही. घसरत्या संस्थेतील माणसापुढे हर्शमन यांच्या मते दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा हा तिसरा मार्ग नव्हे. निष्ठेमुळे माणूस लगेच निघून जात नाही आणि जो वेळ मिळतो त्यात बोलतो, हे तिचे कार्य. मुकाट्याने सोसत राहणे म्हणजे निष्ठा, अशी जी समजूत आपल्याकडच्या कार्यालयांत मुरलेली आहे, तिला या विवेचनात जागा नाही. उलट, ज्याला कधीही जाता येणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे, त्याच्या बोलण्याला वजन राहत नाही. म्हणून बाहेरची वाट शोधून ठेवणे हा संस्थेशी द्रोह नसून आतल्या आवाजाला बळ देणारी तयारी ठरते. निष्काम कर्माचा उपदेश या संदर्भात वरिष्ठांच्या तोंडून ऐकू येतो तेव्हा, फळाची अपेक्षा सोडण्याचा सल्ला फळांची वाटणी करणाऱ्यानेच द्यावा यातली गंमत ऐकणाऱ्यांच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

आवाज उठवण्याचे काम एकट्याने करणे धोक्याचे असते, हेही खरे. माहिती तंत्रज्ञानातील कर्मचारी स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास बराच काळ नाखूश होते, आणि कायदाही व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना कामगाराच्या व्याख्येबाहेर ठेवतो. त्यामुळे पदनामात ‘मॅनेजर’ हा शब्द असलेला, पण प्रत्यक्षात दिवसभर कोड तपासणारा माणूस नेमका कुठे बसतो, हा वाद उभा राहतो. पुण्यातून चालणाऱ्या कर्मचारी संघटनांनी गेल्या काही वर्षांत कामगार आयुक्तांकडे केलेल्या तक्रारींनी एवढे तरी साधले की, सक्तीने घेतलेले राजीनामे हा खासगीतल्या कुजबुजीचा विषय राहिला नाही.

कामाविषयीची ओढ आणि नोकरीविषयीची ओढ वेगवेगळ्या असतात, हे मारी याहोडा यांच्या अभ्यासातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसरीकडे होते. व्हिएन्नाजवळील मारिएन्थाल या गावातली कापड गिरणी मंदीत बंद पडली आणि सारे गाव बेकार झाले, तेव्हा याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांकडे वेळच वेळ होता, तरी कामगारांच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, तेही वाचनाची वर्गणी काढून टाकलेली असताना. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा चालण्याचा वेगसुद्धा मोजला आणि पुरुष संथ व रेंगाळत चालताना आढळले. याहोडा यांनी पुढे यावरून असे मांडले की, नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी नकळत देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या उद्दिष्टात वाटा, समाजात स्थान, आणि हातपाय हलते ठेवण्याची सक्ती. कपातीच्या सावटाखालील माणसाच्या दृष्टीने या यादीचा उपयोग असा की, यातल्या बहुतेक गोष्टी कंपनीच्या कृपेवर अवलंबून नसून कामावर आणि सहकाऱ्यांवर अवलंबून असतात, आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्या मिळत राहू शकतात.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची स्वयंनिर्णयाची उपपत्ती याला जोड देते. माणसाला आतून काम करावेसे वाटते ते तीन गरजा भागल्या तर, असे ती सांगते: आपले निर्णय आपण घेतो ही भावना, आपल्याला काही चांगले येते ही जाणीव, आणि आपण कोणाचे तरी आहोत हा विश्वास. बढती, बोनस आणि अप्रेझलमधील श्रेणी हे बाहेरचे आमिष आहे. ते आटले म्हणजे बाहेरची प्रेरणा आटते, परंतु ज्याची प्रेरणा आधीपासून आतल्या तीन झऱ्यांवर होती त्याचे नुकसान तुलनेने कमी होते. ॲमी व्रझेस्निएव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये वर्णन केलेली कामाला स्वतः घडवण्याची वृत्ती याच दिशेची आहे. रुग्णालयातील काही सफाई कर्मचारी आपल्या कामाच्या यादीत नसलेली रुग्णांची विचारपूसही आपलेच काम समजून करीत होते, आणि ज्यांनी कामाची चौकट अशी रुंदावली त्यांना ते काम अधिक कौशल्याचे व मोलाचे वाटत होते. अर्थात अल्प वेतनावर राबणाऱ्याने स्वतःच आपल्या कामाला अर्थ द्यावा, ही अपेक्षा संस्थेला फार स्वस्तात पडते, आणि या संशोधनाचा तसा वापर होतोही.

या सगळ्याची कसोटी लागते ती ‘केटी’च्या वेळी. ज्ञानहस्तांतरण, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, या भारदस्त कल्पनेचे कार्यालयांतील हे लघुरूप. ज्याला जायचे आहे त्याने आपल्या कामातले बारकावे, कुठे काय अडते आणि कोणत्या ग्राहकाला काय चालत नाही, हे आपल्या जागी येणाऱ्याला, अनेकदा कमी पगारावर येणाऱ्याला, समजावून सांगायचे असते. संस्थेवरचा राग इथे काढणे फार सोपे असते, कारण अर्धवट सांगितलेले कोणाला कळत नाही. पण त्या अर्धवटपणाचा भुर्दंड यादी तयार करणाऱ्या वरिष्ठाला पडत नाही. तो पुढच्या सहा महिन्यांत रात्री जागणाऱ्या त्या नव्या मुलाला पडतो, आणि ज्यांच्याकडे पुढची नोकरी मागायला जायचे असते त्या जुन्या सहकाऱ्यांनाही. संस्थेशी असलेला हिशेब, सहकाऱ्यांशी असलेला हिशेब आणि आपल्या हुन्नराशी असलेला हिशेब या तीन वेगळ्या वह्या आहेत. पहिलीतली थकबाकी उरलेल्या दोन वह्यांतून वसूल केली तर माणूस आयुष्यभर जमवलेली पत गमावतो, आणि बहुतेक कुशल माणसे हे न शिकवता जाणतात.

संस्थेच्या बाजूचे सर्वांत बोलके संशोधन जेराल्ड ग्रीनबर्ग यांचे १९९० चे आहे. एका अमेरिकी उत्पादक कंपनीची मोठी कंत्राटे गेली, तेव्हा माणसे काढण्याऐवजी दोन कारखान्यांत दहा आठवडे सर्वांचे पगार पंधरा टक्क्यांनी कमी करण्यात आले. एका कारखान्यात अध्यक्षांनी स्वतः दीड तास बैठक घेऊन कारणे आकड्यांसह सांगितली, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्यात एका उपाध्यक्षांनी पंधरा मिनिटांत निर्णय ऐकवला आणि विमान पकडायचे आहे म्हणून बैठक संपवली. दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या, पण दुसऱ्या कारखान्यात कितीतरी अधिक, आणि तिथून राजीनामेही जास्त आले; पगार पूर्ववत होताच चोऱ्यांचे प्रमाण पुन्हा मूळ पातळीवर उतरले. दोन्ही ठिकाणी कापलेली रक्कम सारखीच होती. निर्णय कसा घेतला गेला आणि कसा कळवला गेला यांतील न्यायाला संशोधक प्रक्रियेतला न्याय म्हणतात, आणि कपातीतून वाचलेल्यांच्या मनावर त्याचा ठसा निर्णयापेक्षाही खोल उमटतो. सकाळी कार्ड चालले नाही म्हणून फाटकाशीच कळलेली कपात, किंवा मोठ्या ऑनलाइन बैठकीत एकाच वेळी शेकडोंना ऐकवलेला निर्णय, मागे राहिलेल्यांना पुढच्या वर्षी आपल्याला कसे वागवले जाईल याचा नमुना दाखवून जातो. अशा संस्थेत प्रेरणेवरची कार्यशाळा घेण्याने हशाच पिकतो.

ज्याला काहीच हातात नाही असे वाटते त्याच्या हातात निदान कायद्याने दिलेले काय आहे, हे माहीत असणे हाही मन स्थिर ठेवण्याचा भाग आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी मजुरी एवढी भरपाई ठरवली; म्हणजे दहा वर्षे काम केलेल्याला सुमारे पाच महिन्यांची. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने हे सूत्र कायम ठेवले, पण कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांच्या आस्थापनांवरून ३०० वर नेली. या भरपाईचा हक्क कपातीला आहे, राजीनाम्याला नाही. म्हणून ‘स्वच्छ’ रिलीव्हिंग लेटरच्या मोबदल्यात राजीनामा टाइप करायला सांगितले जाते तेव्हा त्या दोन ओळींची किंमत वर्षांच्या हिशेबात मोजून पाहावी लागते. घाबरलेला माणूस सही करून मोकळा होतो. ज्याने आधी हिशेब केलेला असतो तो एक दिवसाची मुदत मागतो आणि बहुधा ती त्याला मिळते.

निष्ठेची वर्षे कायद्याने मोजली जातात अशी आणखी एक जागा म्हणजे ग्रॅच्युइटी. सलग पाच वर्षे सेवा झालेल्या माणसाला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून, आणि २०१८ पासून कमाल वीस लाख रुपयांपर्यंत, असा हा हिशेब १९७२ च्या कायद्याने घालून दिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतबंद नेमणुकीवरील माणसाला पाच वर्षांच्या अटीतूनही मोकळे केले. ग्रॅच्युइटी काढून टाकलेल्याला मिळते तशीच स्वतःहून राजीनामा दिलेल्यालाही मिळते, देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते, आणि उशीर झाल्यास व्याजासह.